घोड्याचं घर

पंडित पाटील दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर. माणूस साधा, पण बुद्धिबळाचं वेड भारी. भुसावळच्या क्लबात जाऊन त्याने स्पर्धेचे नियम शिकून घेतले, दरवर्षी खेळला आणि दरवर्षी खान्देशच्या संघात यायचा थोडक्यात हुकला. बायको झुंबरबाई वैतागून म्हणायची, एकदाचे निवडून तरी या, नाहीतर तो पट माळ्यावर टाका.

अठ्ठ्याऐंशी साली धुळ्याच्या स्पर्धेत योग जुळून आला. शेवटचा डाव जिंकला की संघात जागा पक्की. बरोबरी झाली तर बसा घरी. समोर दोंडाईच्याचा बन्सीलाल, कापड दुकानदार, महाचिवट. त्यात नरडाण्याहून पुना आबा, पंडितचे वडील, खास डाव बघायला आलेले. गावच्या पारावर लेकाला सोंगट्या धरायला त्यांनीच शिकवलं होतं. मग काय, पंडितला दरदरून घाम!

तरी गडी खेळला झकास. बन्सीलालचं एकेक मोहरं गेलं, राजा तेवढा उरला. पंडितकडे राजा आणि एक प्यादं. ते प्यादं सरकत सरकत शेवटच्या घरात पोचलं. आता त्याचा वजीर करायचा, की खेळ खलास. पण गावच्या खेळात प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचंच मोहरं मिळतं, आणि हे घर होतं घोड्याचं. डोक्यात क्लबचे नियम, हात मात्र पारावरचा. पंडितने घोडा ठेवला आणि घड्याळ दाबलं.

नुसत्या घोड्याने मात होत नाही, आणि ठेवलेलं मोहरं बदलता येत नाही. डाव बरोबरीत सुटला. बन्सीलालने हात मिळवला, पण त्याला मान वर करवेना. म्हणाला, असं व्हायला नको होतं हो, फार वाईट झालं.

स्टँडकडे जाताना आबा मात्र खुशीत होते. त्यांच्या गावात समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी झाली म्हणतात, आणि बुर्जी करणारा जिंकतो.

“त्याना एकला राजा ऱ्हायना,” आबा म्हणाले. “बठ्ठं खाई लिधं तू. आखो काय जोयजे?”

सगळं खाल्लं, आणखी काय हवं? पंडितने आबांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

“हा आबा,” तो म्हणाला, “जितनू.”