दारातलं पाणी

शनिवारी दुपारी नागपूरहून तपासणीचा निकाल आला. भावाच्या पायाच्या जखमेतले जंतू पेनिसिलिनने मरत नव्हते. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, पाय राहील की कापावा लागेल ते आता सांगता येत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा तो हिवाळा. एकोडीला धानाचे भारे खळ्यावर नेताना बैलबंडी कलंडली आणि चाक भावाच्या नडगीवरून गेलं. हाड बसवायला शस्त्रक्रिया झाली, टाके पडले आणि काही दिवसांत टाक्यांतून पू येऊ लागला. मी जवाहरनगरला शिक्षक होतो. शाळा सुटली की बस धरून जिल्ह्याच्या इस्पितळात यायचो आणि त्याच्या खाटेशेजारी पुस्तक घेऊन बसायचो. बोलण्यासारखं माझ्याजवळ कधीच फार नसे. तो म्हणायचा, "वाच बापा, वाच. माह्या पायापायी तुले बसाले जागा तं भेटली."

शेजारच्या खाटेवर चिखल्याच्या खाणीतला एक कामगार होता. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. भावाची जखम चिघळल्यावर आठवडाभराने त्याचेही टाके लाल झाले.

हे कसं झालं असावं, ते डॉक्टरांनी मला समजावलं. जंतू हवेतून उडत येत नाहीत, बहुतेक वेळा हातावरून येतात. मग मी पुस्तक मिटून येणाऱ्यांचे हात पाहू लागलो. गावाहून माणसं येत. आमच्याकडे आजाऱ्याला नुसतं पाहून कोणी परतत नाही, त्याचे पाय दाबून देतात. भावाचा तर पायच दुखत होता, त्यामुळे जो तो तिथेच बसे, पट्टीच्या वरखाली हात फिरवी, कोणी पट्टी उचलून आत डोकावे. मग शेजारच्या खाटेकडे वळून, "तुमी कोनत्या गावचे?" तिथे कोणाचा तरी सोयरा निघतच असे, आणि मग त्याचेही पाय दाबले जात. ही माया होती. त्यात कोणाला काही चुकीचं वाटण्याचं कारण नव्हतं.

वॉर्डाच्या सिस्टर केरळकडच्या होत्या. निकालानंतर त्यांनी सगळं बदललं. ज्या ड्रेसरच्या बोटाला गळू होतं त्याला त्यांनी मलमपट्टीच्या कामावरून काढून औषधांच्या खोलीत बसवलं. भावाची खाट कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत गेली. त्याची मलमपट्टी सर्वांत शेवटी व्हायची, चिमटे वेगळे उकळायचे, काढलेल्या पट्ट्या मागच्या खड्ड्यात जाळायच्या. आणि वॉर्डाच्या दाराबाहेर त्यांनी पाण्याची बादली, लोटा आणि साबण ठेवला. "हाथ धोके अंदर जाना, हाथ धोके बाहर आना," एवढंच त्या म्हणत.

दुसऱ्या दिवशी आमची आत्या साकोलीच्या बसने आली. ती दारात पोचली, तिने बादली पाहिली आणि हातातलं गाठोडं टाकून तिथेच बसली.

"माह्या राजा! मले तोंडही नाही दाखवलं रे!"

सगळा वॉर्ड उठून बसला. आतल्या खोलीतून भाऊ ओरडला, "कोन रडून राहिलं बे?"

"तुझी आत्या," मी म्हटलं.

"मेलं कोन?"

"तूच."

"आत्या!" तो आणखी मोठ्याने ओरडला, "अवं जिता आहो मी! रडाचं रायलं असन तं आत येऊन रड!"

खाणीतला कामगार हसू लागला आणि टाक्यांवर हात दाबून कण्हला.

आत्या हसली नाही. मयतीवरून परतलेल्या माणसासाठी दाराबाहेर पाणी ठेवतात, तो हातपाय धुतो आणि मग घरात शिरतो. जिवंत माणसाला भेटायला जाताना त्या पाण्याला कोण हात लावील? "जित्याच्या दारात असं पानी ठेवते का कोनी?" ती सिस्टरांना विचारू लागली. सिस्टरांना मराठी फारसं येत नव्हतं. त्यांनी साबण पुढे केला. आत्या बादली टाळून भिंतीला घासून आत गेली. तिच्यामागून आलेले गावचे लोकही तसेच आत गेले. मी जंतूंबद्दल बोललो. माझं बोलणं शाळेतल्यासारखं झालं असणार. एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, तुमचं खरं आहे, पन आज नाही."

भावाच्या देखभालीला राहिलेली वहिनी हे सगळं पाहत होती. संध्याकाळी तिने बादली उचलून दाराच्या आत, पडद्यामागे नेली.

"काहून?" सिस्टरांनी तेवढा शब्द उचलला होता.

"दारात ठेवलं तं मयतीचं पानी. मी हातानं देईन तं पावन्याचं."

दुसऱ्या दिवसापासून ती डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहू लागली. कोणी आलं की लोट्याने त्याच्या हातावर पाणी धरायची, साबण द्यायची, परत पाणी धरायची. घरच्या बाईने दिलेलं पाणी पाहुणा नाकारत नाही. आत्यानेही हात पुढे केले. निघतानाही वहिनी तेच करायची आणि म्हणायची, "आता पाय दाबू नोका. दुरून बोला, आयकू येते त्याहिले." लोक कुरकुरत, पण ऐकत.

एकदा मलमपट्टी झाल्यावर तिने सिस्टरांना विचारलं, मी मध्ये हिंदीत सांगत होतो. "यानं याहिचा पाय वाचन का?"

सिस्टरांनी चिमटे उकळत्या पाण्यात टाकले. मग म्हणाल्या, "इनका नहीं बता सकती. दूसरों का बचेगा."

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं. "समजलं," वहिनी म्हणाली. तिने पदराला हात पुसले. बाहेर माणसं आली होती, ती लोटा घेऊन दाराशी गेली.

खाणीतल्या कामगाराचे टाके सुकले आणि तो चालत घरी गेला. जाताना तो भावाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत आला नाही. "येतो भाऊ," म्हणाला. भाऊ म्हणाला, "हाव. चिखल्याले येईन मी." त्यानंतर त्या वॉर्डात कोणाची जखम चिघळली नाही, निदान आम्ही होतो तोवर.

भावासाठी नागपूरहून दुसरं इंजेक्शन आणलं. ताप उतरला, परत चढला. जंतू हाडात शिरले होते. माघात पाय गुडघ्यावरून कापला. शुद्धीवर आल्यावर त्याने पांघरूण चाचपून पाहिलं आणि विचारलं, "रोवण्याले कोन उतरन?" मी म्हटलं, धान लावायला मी उतरेन. "तू?" तो म्हणाला आणि हसला. मग जंतू रक्तात गेले. होळीच्या आधी तो वारला.

पुढे मी बदली मागून साकोलीला आलो आणि एकोडीहून जाऊ-येऊ लागलो. रोवण्याला काही वर्षं उतरलो, मला ते कधी नीट जमलं नाही. वहिनी बांधावर उभी राहून सांगायची, मी रोपं लावायचो, मागून बाया ती परत लावायच्या. गेल्या श्रावणात वहिनीही गेली.

शेत आता ठेक्याने दिलं आहे. घरात मी आहे आणि पुस्तकं आहेत.