एकदाच विचारलेलं जेवण

अमेरिकेतल्या केलर काउंटीत कुणी गेलं की घरच्यांनी रडायचं आणि रोझेला वेंकरने रांधायचं, अशी वाटणी कितीतरी वर्षं चालत आली होती. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर म्हणजे तिचं राज्य. गावची शाळा शेजारच्या गावाच्या शाळेत मिसळली, कापडाचं दुकान मिटलं, डॉक्टर आठवड्यातून एकदाच उगवू लागला. दफनानंतरचं जेवण मात्र कधी चुकलं नाही. हॅमचे सँडविच, चीज घालून भाजलेले बटाटे, लाल जेली, सफरचंदाचा केक. वेंकरबाईंचा केक मिळणार असेल तर मरायला हरकत नाही, असं गावातले म्हातारे म्हणत, आणि ती त्यांना हातातला डाव दाखवत म्हणे, "मेलेल्याला वाढत नाही मी. जिवंत राहा नि दुसऱ्याच्या दफनाला या."

त्या मुलखाची एक रीत होती. कुणी काही देऊ केलं की आधी 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं की 'तुम्हाला उगाच त्रास'. तिसऱ्यांदा विचारलं की मग 'तुम्ही म्हणताच आहात, तर बरं'. पहिल्या हाकेला हो म्हणेल तो हावरा. आणि एकदाच विचारून थांबेल तो कोण, याला तिथे शब्दच नव्हता, कारण तसं कुणी करत नसे.

रोझेलाने केलं.

गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यातला हासिंतो झोपेतच गेला. ग्वाटेमालाहून आलेला, दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा माणूस. रोझेलाने त्याच्या बायकोला, ओफेलियाला, फोन केला.

"जेवणाचं करायचं का गं?"

"नको, वेंकरबाई. तुम्हाला कशाला त्रास."

"बरं तर," असं म्हणून रोझेलाने फोन ठेवला.

गुडघे दुखत होते, हे खरं. त्यांना आपलं जेवण रुचायचं नाही, अशीही तिने स्वतःची समजूत घातली. पण फोन ठेवताना जो सुटकेचा सुस्कारा निघाला, तो काही गुडघ्यांचा नव्हता. मागच्या बाकावरच्या माणसांसाठी तिला दोन दिवस राबायचं नव्हतं.

दफन झालं. पाद्रीबाबांनी सवयीने सांगून टाकलं, "खाली जेवण आहे, सगळ्यांनी यावं." कारखान्यातली माणसं पोराबाळांसह जिना उतरून आली. टेबलं पुसलेली, त्यावर काही नाही. एका कोपऱ्यात नुसती कॉफी.

मार्डेल ही रोझेलाची शाळेपासूनची मैत्रीण. ती थेट स्वयंपाकघरात आली. "अगं, ओव्हन गार कसा?"

"ती नको म्हणाली."

"नको तर माझी सासूपण म्हणायची, आणि मग दोन ताटं संपवायची. कितीदा विचारलंस?"

रोझेला कप पुसू लागली. कप कोरडेच होते.

"रोझेला, कितीदा?"

"एकदा."

मार्डेलने तिच्या हातातला कप काढून घेतला. रोझेलाचे कान तापले. तिथे उभं राहवेना. ती बाहेर टेबलांपाशी ओफेलियाजवळ गेली.

"चूक माझी आहे. मी पुन्हा विचारायला हवं होतं."

ओफेलिया काळी शाल सावरत म्हणाली, "तुम्ही परत फोन कराल म्हणून आम्ही घरी काही केलं नाही. नवी आले तेव्हा मी लगेच हो म्हणायचे. कारखान्यातल्या तुमच्या गावच्या बायका हसायच्या. त्यांनीच शिकवलं, इथे आधी नको म्हणायचं. म्हणून तसं म्हटलं. माझं बोलण्यात काही चुकलं का, वेंकरबाई?"

"नाही गं. अगदी बरोबर बोललीस."

ती रागावली असती तर सोसलं असतं. तिने स्वतःचीच चूक विचारली, नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी, आणि तीही मनापासून. रोझेलाला तिच्याकडे बघवेना. माणसं कॉफीबद्दल आभार मानत, रोझेलाचा हात हातात घेत जिना चढू लागली होती. प्रत्येक हात तिला नकोसा झाला.

ती आत परतली तेव्हा मार्डेल फ्रीजरमधून हॅम बाहेर काढत होती.

"ते चर्चच्या मेजवानीचे आहेत," रोझेला पुटपुटली.

"मेजवानी गेली खड्ड्यात. पाव मी कापते. तू माणसं थांबव."

कोट न घालताच रोझेला वर धावली. नोव्हेंबरचा वारा अंगाला झोंबत होता. गाड्या सुरू झाल्या होत्या. पहिल्या गाडीच्या काचेवर तिने टकटक केली. एका तरुण माणसाने काच खाली घेतली. मागे त्याची मुलं दाटीवाटीने बसली होती.

"खाली चला. जेवण होतंय."

"नको हो बाई, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास नाही. चला."

त्याने बायकोकडे पाहिलं. "खरंच नको. उशीर झालाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो रीतीने बोलत होता की त्याला खरंच जायचं होतं, ते रोझेलाला कळेना. आणि आज ते विचारण्याचं तोंड तिला उरलं नव्हतं. इंजिन घरघरत होतं. दोनदा विचारून झालं होतं; काचेच्या कडेवरचा हात तिने काढला नाही.