सरकता बांध

पवनानगरच्या जीपमध्ये शेजारी एक आबा बसले होते. मांडीवरच्या कुदळीची धार ते सारखी अंगठ्यानं चाचपत होते. मी भूगोलाचा मास्तर, मला गप्प बसवत नाही. म्हणालो, "आबा, आपली अख्खी जमीन उत्तरेला सरकतेय, नखं वाढतात तशी हळूहळू. त्या रेट्यानंच हिमालय वर आला."

अंगठा थांबला. "म्हंजी उत्तरंच्या शेजाऱ्याचा बांध म्या न्हाई कोरला! जमीनच सरकली!"

"अहो, त्याचीही तेवढीच सरकते."

"त्याला कुटं ठाव हाय?"

इतक्या चटकन माझा विषय आजवर कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. उतरताना आबा कानाशी वाकले. "मास्तर, दक्षिणंचा शेजारी माजा बांध कोरतो. त्याला ह्यातलं काय बी शिकवू नका."