मामाची मुलगी नात्यातली नव्हे

डॉक्टरांच्या एका पेशंटचं पहिलं बाळ आजारात गेलं होतं आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. त्या आजाराचं मूळ सापडलं तरच पोटातल्या जिवाची तपासणी करता येणार होती. त्या तपासणीची मुदतही संपत आलेली. आणि गेलेल्या बाळाच्या डीएनएत ते मूळ शोधायचं मी, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपपुढे बसून.

माझं काम म्हणजे चाळण लावणं. माणसाच्या डीएनएत हजारो बदल असतात. चारचौघांत आढळणारे सॉफ्टवेअरने गाळायचे, दुर्मीळ तेवढे ठेवायचे आणि त्यांतला दोषी हुडकायचा. लग्न नात्यातलं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. घरचे नाही म्हणाले. म्हणून आईबाप दोघांकडून आलेला एकच बदल मी शोधलाच नाही. परक्या घराण्यांत तसं सहसा होत नाही. पुन्हा पुन्हा चाळलं, हाती काही लागेना. डोकं नुसतं भणाणलं होतं.

शेवटी वैतागून राहात्याकडे त्यांच्या घरी फोन लावला. सासूने उचलला.

"हिच्यातच खोट हाय," तिने सुनेवर तोफ डागली. "आमच्या घरात असं कधी हुतं का?"

"लग्न नात्यातलं नाही ना?"

"न्हाई वो. माझ्या भावाचीच पोर केली. मामाचीच हाय, नात्यात कशाला करू?"

हसावं की रडावं कळेना. राग आला तो आमच्या प्रश्नाचा. मामाच्या मुलीला नात्यातली कोण म्हणतं आपल्याकडे? माझ्या आईवडिलांचंही तसंच लग्न. मलाही कुणी विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते.

चाळण बदलली. दोन्हीकडून आलेला एकच दुर्मीळ बदल उरला, नेमका त्याच आजाराचा. मी भीतभीतच डॉक्टरांना कळवलं. तपासणी मुदतीत झाली. आजार व्हायला बदल दोन्हीकडून यावा लागतो, पोटातल्या बाळात तो एकाच बाजूने आला होता. ते आजारी पडणार नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं, तेव्हा मीही गेले. सून पदराने डोळे पुसत होती. सासूने विचारलं, "मंग खोट कुणाची?"

"तुमच्या माहेरची दिसते," मी म्हणाले. "मुलाला तुमच्याकडून आली, सुनेला तुमच्या भावाकडून."

सासूने सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"धाकट्याला हिचीच बहीण केलीया वो," ती म्हणाली. "साखरपुडा झालाय."