आखाजीच्या शिव्यांची परवानगी

सन १९९६. माझं वय पन्नास. शाळेच्या दाखल्यावर ते दोन वर्षं कमी लावलंय, पण शाळा मी चौथीतच सोडली, तेव्हा तो दाखला काय धरायचा!

आम्ही खान्देशातून सुरतेला आलेली माणसं. लिंबायतच्या एका गल्लीत राहायचो, मी लूमवर कामाला. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली की गल्लीतल्या बायका गप्प गप्प व्हायच्या. आखाजीला लेकी माहेरी जातात, निंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात. त्या वर्षी माझ्या बायकोची आई वारली होती, आणि भावाने बोलावणं पाठवलं नव्हतं. ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ती एवढंच म्हणाली, "माहेर गयं, आते झोकाबी गया."

मला ते फार लागलं. दहा-बारा बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बोलून गेलो, "पलीकडच्या म्युनिसिपालटीच्या बागेत बांधतो झोका. चोरून नाही, सरकारी कागद आणून."

"आणा बरं भाऊ," शेजारीण म्हणाली, "नाहीतर झोक्याच्या जागी तुम्हालाच टांगू."

पंधरा दिवस हातात होते. गल्लीतला एक पुढारी म्हणाला, माझं पत्र घेऊन जा, एका दिवसात काम होईल. मी नको म्हटलं. पत्र त्याचं, म्हणजे झोक्यामागे फलकही त्याचाच लागणार. अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. चार ओळी, पण दोन दिवस गेले.

बागेच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, "काका, भजन छे के सभा? बेमांथी एक लखो."

"झोका आहे."

त्याच्या कागदात दोनच रकाने होते, झोक्याचा नव्हता. त्याने सभा लिहिलं, झाडाला इजा करणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं, आणि सभा म्हटल्यावर पोलीस चौकीची सही लागेल म्हणून तिकडे धाडलं.

चौकीतल्या साहेबांनी विचारलं, "बहनलोग क्या करेंगी उधर?"

मी सांगितलं, झोका खेळतील, गाणी म्हणतील, मग दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतील.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

यात माझं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे आखाजीला दोन गावांच्या बायका नदीच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि पोटभर शिव्या देतात. त्याला बार म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोणाच्या मनात काही राहत नाही. हे सगळं मी साहेबांना समजावलं.

"गाळ बोलशे? बगीचामां? ने हुं सही करुं?" गाळ म्हणजे त्यांच्या गुजरातीत शिवी.

"साहेब, खोटं सांगून आम्ही कागद नेत नाही."

"तो नहीं मिलेगा."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. माझी दुपारपाळी होती, सकाळ मोकळी. तीन दिवस रोज सकाळी जाऊन बसलो. चौथ्या दिवशी साहेबांनीच हाक मारली, "काका, तमारे घर नथी?"

"आहे ना साहेब. कागदाशिवाय तिथेच तर जाता येत नाही."

ते हसले. कागद ओढून घेतला, खाली एक अट लिहिली आणि सही ठोकली. कोणत्याही बाईने दुसऱ्या बाईला शिवी द्यायची नाही, दिली तर सभा तिथेच बंद.

कागद बघून बायका हिरमुसल्या. शिव्यांशिवाय कसली आखाजी? माझी बायको तेवढी म्हणाली, "परत वाचा." वाचला. "आजून एकदाव." तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती तोंडाला पदर लावून आत गेली.

आखाजीला बागेतल्या निंबाला काथ्याचा दोर बांधला. सुरतेच्याच भेस्तान भागातूनही आमच्याकडच्या बायका आल्या. माझी बायको एवढे झोके खेळली की खाली उतरायलाच तयार नव्हती. मग सुक्या कारंज्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या. बंदोबस्ताचा हवालदार सावध झाला. बायकोने कमरेला पदर खोचला आणि माझ्याकडे बोट करून सूर लावला,

"चार वळीस्ना अर्जले दोन दिन लागनात,
भांडखोर म्हतारा चौकीमा जाई बसना!"

पलीकडून जे उत्तर आलं ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या आजोबांपर्यंत गेल्या त्या. हवालदार धावत आला, "अरे, आ तो गाळ छे!"

मी खिशातून कागद काढला. "वाचा साहेब. बाईने बाईला, असं लिहिलंय. मी बाई आहे का?"

त्याने दोनदा वाचलं आणि निंबाखाली बसून पोट धरून हसला. मी एरवी कोणाचा शब्द ऐकून घेणारा माणूस नाही. पण तासभर छाती काढून उभा राहिलो, आणि शंभरेक बायकांच्या शिव्या खाल्ल्या. आई गेल्यापासून माझ्या बायकोचा आवाज उंबऱ्याबाहेर आला नव्हता. त्या दिवशी तो रस्त्यापलीकडे रिक्षावाल्यांना ऐकू जात होता.

आता त्या बागेत फरशीची वाट झालीय. निंब आहे, ती फांदी नाही. बायकोही नाही. नातवंडं घरात गुजराती बोलतात, आणि आखाजी म्हणजे आमरस एवढंच त्यांना ठाऊक. मी संध्याकाळी कारंज्यापाशी बसतो. तिथे आता कोणी मला शिव्या देत नाही.

त्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचे हात पाहिले होते. काथ्याने दोन्ही तळवे सोलून निघाले होते, हंड्याचा काठही धरवेना. आमच्या गल्लीत नळाच्या रांगेत पुरुष उभा राहत नसे, आणि मी तर कधीच नाही. मी दोन्ही हंडे उचलले आणि बायकांच्या मागे जाऊन नंबर लावला.