धाकटीची वेणी

आई गेली त्या वर्षी मी सातवीत गेले आणि धाकटी बहीण पहिलीत. आता धाकटीही गेली. पावसाळा सरता सरता ती गेली, तेव्हापासून मी हे लिहायला बसते आहे आणि दर वेळी चार ओळी झाल्या की वही मिटते. मला जे सांगायचं आहे ते एवढंसं आहे. पण त्या वर्षीच्या आमच्या सकाळी कशा असत हे सांगितल्याशिवाय ते कुणाला कळणार नाही.

आम्ही देऊळघाटला राहत होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबा दोन कोसांवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. सायकल नव्हती, पायी जात. घरात आम्ही तिघंच. नातेवाइकांनी बाबांना दुसरं लग्न सुचवून पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, "पोरी मोठ्या होऊन राह्यल्या, मले भाकर येते." विषय तिथंच संपला. भाकर मात्र त्यांना तेव्हा येत नव्हती. तव्यावर टाकताना ती एका बाजूनं फाटे. धाकटी चुलीपुढं बसून विचारायची, "बाबा, आज कोनता जिल्हा?" बाबा तवा तिरका करून भाकर नीट पाहत आणि म्हणत, "आज अकोला. खालून यवतमाळ लागून राह्यलं." तेवढं हसणं आमच्या घरात त्या वर्षी होतं.

चूल दिवसातून एकदाच पेटे. त्याच जाळावर आंघोळीचं पाणी, गुळाचा चहा, दोन्ही वेळच्या भाकरी आणि शेवटी चून, म्हणजे पातळ पिठलं. संध्याकाळी गारच खायचं. जळणाला पऱ्हाट्या असत, कापसाची वाळलेली झाडं. ती भसकन पेटतात आणि भसकन विझतात, म्हणून कुणीतरी चुलीपाशी बसून सारखी सारत राहावी लागतात. ते काम माझं. पाण्याचं भगोनं उतरलं की चहा, चहा उतरला की तवा. मध्ये चूल रिकामी जळता कामा नये. आंघोळीचं पाणी वाहून जाई ते मागच्या भोपळ्याच्या वेलाला. रविवारी बाबा आठवडाभर पुरेल एवढी जवसाची चटणी कुटून बरणीत भरत आणि आम्हा दोघींची डोकी काळ्या मातीनं धुऊन देत. हे सगळं बसलं होतं. बसत नव्हती ती एकच गोष्ट, धाकटीची वेणी.

तिचे केस आईसारखे होते. दाट, कुरळे, कमरेपर्यंत आलेले. रात्री विंचरून ठेवले तरी सकाळी गुंता होई. मी तिला दोन गुडघ्यांत धरून बसवायची, एका हातानं फणी ओढायची आणि दुसऱ्या हातानं पऱ्हाटी चुलीत सारायची. ती रडे. रडणं थांबलं की रात्री पडलेलं स्वप्न सांगायला लागे. मी ऐकत नसे. माझं लक्ष बाहेरच्या उजेडाकडे असे, कारण सातवीच्या परीक्षेसाठी गुरुजींनी सकाळी सातला जादा तास सुरू केला होता. उशिरा येईल त्यानं ओसरीत उभं राहायचं. आतून गणितं ऐकू येत, पण फळा दिसत नसे.

मी निघाले की बाबा निघत, आणि धाकटी तिची शाळा भरेपर्यंत शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरी बसे. त्या घरच्या चाचीनं बाबांना एकदा म्हटलंही होतं, "मास्तरसाब, पोरीची चोटी मी करून देत जाईन ना. किती रडते सकाळी सकाळी!" बाबा हात जोडून म्हणाले, "तुम्ही तिले बसू देता हेच लय झालं." एवढ्यावर आणखी काही मागायचा त्यांना संकोच होता. मला वाटतं, तो संकोच त्यांनी केला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण हे मी आता म्हणते. तेव्हा मी त्यांना काही सुचवलं नाही.

त्या आठवड्यात मी लागोपाठ तीन दिवस ओसरीत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आल्या आल्या मी म्हणाले, "इच्या केसाईपायी मी नापास होईन. कापून टाका नं एकदाचे."

बाबांनी टोपी खुंटीला लावली. रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी त्यांनी न्हाव्याला घरी बोलावलं. धाकटीला पाटावर बसवलं. तिला तो खेळच वाटला. गळ्याभोवती धोतराचं फडकं बांधल्यावर ती हसायला लागली. न्हावी कात्री हातात घेऊन थांबला.

"मास्तर, पोरीचे केसं? काई दुखनं-बिखनं आहे काय?"

"उवा झाल्या," बाबा म्हणाले.

उवा नव्हत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चुलीपाशी बसून होते. केस पडताना आवाज होत नाही, फक्त कात्रीचा होतो. धाकटीनं खाली पाहिलं, तेव्हा तिचं हसणं थांबलं. तिनं एक बट उचलून माझ्याकडे आणली आणि विचारलं, "हे परत कवा लावतीन?"

पुढचे दहा-बारा दिवस मी सातच्या आत शाळेत होते. सकाळी घर शांत असे. धाकटी स्वतःच डोक्यावरून हात फिरवून म्हणे, "झाली माही वेणी." मग तिनं शाळेत जायचं सोडलं. पोरं तिला भुंडी म्हणत. ती चाचीच्या घरी कापसाच्या ढिगापाशी बसून राही.

आईच्या वर्षश्राद्धाला धामणगाव बढ्याहून आत्या आली. आत्या बाबांहून मोठी. तिला तीन मुलगे, मुलगी नाही. घरी शेती, गोठ्यात म्हशी. ती दारातच उभी राहिली. हातातली पिशवीसुद्धा तिनं खाली ठेवली नाही.

"काऊन रे भाऊ, माय मेली तं पोरीले इधवा करून बसवली काय?"

"उवा झाल्या होत्या बाई."

"उवा? आमच्या डोक्यात कधी झाल्या नाईत काय? फणी नव्हती घरात?" तिनं धाकटीला जवळ ओढलं, मान वाकवून, उभ्या उभ्या तिचं डोकं चाचपलं. "एक लीख नाई. लीख बी नाई रे. मास्तर आहेस तू, खोटं तं नीट बोलत जा."

बाबांनी सांगून टाकलं असतं, थोरलीनं कापायला लावले, तर आत्या माझ्यावर उखडली असती आणि तेवढ्यावर मिटलं असतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

श्राद्धाची पानं उठल्यावर आत्या म्हणाली, धाकटीला मी नेते. बाबा नाही म्हणाले. तिनं पुन्हा म्हटलं. बाबा पुन्हा नाही म्हणाले, पण आवाज आधीचा नव्हता. मग आत्या माझ्याकडे वळली. मी भांडी घासत होते.

"हे पाय, केसं काय, वाढतीन. पन रोज सकाळी इचं कोन पाहीन? तुहा बाप तं भाकरीत. तू पाह्यशीन काय वं? सात वाजता शाळा का फाळा, ते मले सांगू नको. तू हो म्हन, मी इले इथंच ठेवून जातो. देवाशप्पथ."

आत्या खरं बोलत होती, हे मला तेव्हाही कळलं. बाबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. धाकटी त्यांच्या मागं होती, तिचा एकच डोळा दिसत होता. मला हो म्हणायला काही लागणार नव्हतं. पण माझ्या मनात ओसरी आली, आतून ऐकू येणारी गणितं आली. मी हातातला तांब्या घासत राहिले. तो आधीच घासून झाला होता.

आत्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "पाह्यलं?" हे ती बाबांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी मोटारीनं गेल्या. धाकटी रडली नाही. तिला खिडकी मिळाली होती. मोटार हलली तशी ती बाबांना ओरडून म्हणाली, "मी उद्या येतो!" बाबा मान हलवत राहिले.

त्यानंतरच्या सकाळी सोप्या झाल्या. दोन माणसांच्या भाकरी लवकर होतात. बाबांच्या हाताला हळूहळू गोल भाकर येऊ लागली, आणि ती कुठल्या जिल्ह्यासारखी दिसते हे विचारणारं कुणी उरलं नाही. त्या दिवशी मी काही बोलले नाही, याबद्दल बाबांनी मला पुढं कधी एका शब्दानं विचारलं नाही. ते वारले तेव्हासुद्धा नाही. शेवटचे दोन दिवस त्यांना बोलता येत होतं आणि मी उशाशी बसून होते.

सातवीत मी पहिली आले. पुढं शिकले, बुलढाण्यात नोकरी लागली, घरात दोन कपाटं पुस्तकांनी भरली. धाकटी चौथीत असताना आत्याच्या म्हशी वाढल्या आणि तिची शाळा सुटली. आत्यानं तिला जीव लावला, हे मी खोटं म्हणणार नाही. दिवाळीला भेटायचो तेव्हा तिचे केस पुन्हा कमरेपर्यंत आलेले असत आणि आत्या तिची वेणी घालत असे. मी एकदा फणी घ्यायला हात पुढं केला. धाकटी म्हणाली, "राहू दे, तुले उशीर होईन." ती सहज म्हणाली की आठवून म्हणाली, हे मला अजून कळलेलं नाही.

लग्नानंतर तिची पत्रं यायची. मजकूर आधी नवऱ्याच्या अक्षरात, मग मुलाच्या, शेवटी शेवटी सुनेच्या. शेतात काय पेरलं, कुणाला ताप आला, तू कधी येशील. सही मात्र ती स्वतः करी. मोठी, एकेक सुटं अक्षर, पाटीवर गिरवल्यासारखं. ती पत्रं मी एका पिशवीत ठेवली आहेत. मजकूर मी परत वाचत नाही. सह्या पाहते.