तुम्ही तिथूनच सांगा

समस्त ग्रामस्थ, आप्तेष्ट, कुलदैवते आणि स्वर्गस्थ पितर यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बोरी अरबच्या अलीकडल्या एका गावी, एका प्रतिष्ठित घरात, पोथी चालू असताना, एक बाई पायात बूट घालून शिरली. देव जागचे हलले नाहीत. कळावे.

ती बाई मी.

मी अँब्युलन्सवरची डॉक्टर. गाडी चालवतो तो गजानन. दुपारी फोन आला, म्हातारा शिडीवरून पडला, पाठीत कळ आहे, उठता येत नाही. गजाननने गाडी अशी हाणली की वाटेतल्या म्हशीसुद्धा बाजूला झाल्या, आणि आमच्याकडच्या म्हशी कलेक्टरसाठीही होत नाहीत.

घर मोठं. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस कोंबलेला, भाव वाढायची वाट बघत. मधून चिंचोळी वाट, आणि तिच्या टोकाला मधल्या खोलीत म्हातारा. दोन हात अलीकडे पडला असता तर कापसात पडला असता आणि ही गोष्टच झाली नसती.

बॅग घेऊन पायरी चढले. दारात म्हाताऱ्याचा मुलगा. माझ्याच वयाचा, कपाळाला अष्टगंध, एक हात चौकटीवर आडवा.

“मॅडम, नाव काय तुमचं?”

सांगितलं.

“आडनाव?”

आत बाप कण्हतोय आणि याला आडनाव पाहिजे. तेही सांगितलं. आम्ही बौद्ध, आडनावातच ते कळतं. ते ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो याची मी झकास नक्कल करते, समोर बसलात तर दाखवीन. चेहऱ्यावर काहीच होत नाही. फक्त डोळे खाली उतरतात आणि तुमच्या पायांकडे बघतात.

मग त्याने गजाननला आडनाव विचारलं. चौकटीवरचा हात खाली आला.

“भाऊ, तुम्ही या आत. मॅडम, घरात पोथी बसली हाये, गैरसमज नका करू. तुम्ही तिथूनच सांगा.” आणि मागे वळून मोठ्याने, “अरे, मॅडमले खुर्ची द्या कोणी!”

खुर्ची आली. लाल, प्लॅस्टिकची. सावली बघून, तुळशीपासून बेताच्या अंतरावर मांडली. वर फडक्याने पुसून दिली हो! अपमानाची एवढी सरबराई मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या आजीला असल्या घरात गोठ्यापाशी उभं करायचे. नातीला खुर्ची. प्रगती म्हणतात ती हीच.

बसले नाही. पण आतही गेले नाही. आजी सांगायची, मोठ्या घराच्या पायरीशी आपले पाय आपणच थांबवावे, दुसऱ्याने थांबवायची पाळी येऊ देऊ नये. पुढे मी शिकले, गळ्यात स्टेथोस्कोप आला. पायांना मात्र हे कोणी कळवलंच नव्हतं.

अंगणातून कापसामधल्या वाटेने थेट आतलं दिसत होतं. म्हातारा उताणा पडलेला.

“बापू, पायाचे अंगठे हलवा!” मी ओरडले.

उजवा हलला. डावा हलला. मी स्वतः पाहिलं.

“गजानन, कोणाले हात लावू देऊ नको! कणा हाये पाठीचा. गाडीतून फळी आण.”

गजानन फळी आणायला पळाला. तेवढ्यात मुलाला युक्ती सुचली. अशी युक्ती फक्त अशाच घरात सुचते.

“मॅडमले आत येता येत नाही ना? मंग बापूलेच बाहेर घेऊ!”

सगळ्यांना पटली. दोघांनी बगला धरल्या, दोघांनी पाय. तुरीचं पोतं उचलतात तसं उचललं.

“खाली ठेवा!” मी किंचाळले.

“आणून राह्यलो ना मॅडम, तुमच्याकडेच आणून राह्यलो!”

म्हातारा मधोमध वाकला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्याची नक्कल मी कधीच, कोणापुढेच करत नाही.

मग शिरले. बुटांसकट. उंबरा, कापूस, समई, पाट, सगळं ओलांडून.

“ओ मॅडम, पोथी...”

“खाली ठेव त्याले. हळू. आता कोणी हात लावला तं याद राखा. पोथी सरकव तिकडे.”

असल्या घरातल्या माणसाला आमच्यातल्या कोणी अरेतुरे केल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. केलं. त्याने स्वतःच्या हाताने पोथी सरकवली.

मी म्हाताऱ्यापाशी गुडघे टेकले.

“बापू, अंगठे हलवा.”

“हलवून राह्यलो ना बाई,” तो म्हणाला.

अंगठे हलत नव्हते.

मग फळी, पट्टे, सलाईन. माझ्या हातांना सगळं येत होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. यवतमाळपर्यंत म्हातारा एकच विचारत होता, “बाई, माह्या पायावर काही ठेवलं काय?” मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

दवाखान्यात तिथल्या डॉक्टरने विचारलं, “पडल्यावर पाय हलत होते का?”

“हलत होते. दोन्ही.”

“मग?”

मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, जाऊ द्या ना.”

नाही जाऊ दिलं. सगळं सांगितलं. पोथी, आडनाव, खुर्ची, बगला, पाय. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. नर्सा थांबल्या. नातेवाईक उठून उभे राहिले. माझा आवाज मोठा आहे, त्या दिवशी तो पहिल्यांदा योग्य जागी वापरला.

आता मी कोणाच्या दारात आडनाव सांगत नाही. पेशंट कुठे आहे एवढं विचारते आणि चालू लागते. हात आडवा आला तर तो बाजूला करते. ज्यांना विटाळ होतो त्यांनी नंतर घर धुवावं, पाणी त्यांचं आहे. मी अंगणात उभी राहणार नाही. कोणी हाकलून लावलं तरी नाही, खुर्ची दिली तरी नाही. तक्रारी होतात. होऊ देत.

हे मला कुठल्या सभेत किंवा पुस्तकात सापडलं नाही. त्या वॉर्डात, बापाच्या निपचित पडलेल्या पायांशी उभा राहून, तो मुलगा माझ्यावरच खेकसला तेव्हा सापडलं:

“तुमाले एवढं समजत होतं, तं तुम्ही तवाच आत काहून नाही घुसल्या?”